जिम ब्राऊनचे १९५७ सालचे कार्ड: जुन्या फुटबॉल संचात कल्पित कार्डांची भर कशी घालावी

अमेरिकन फुटबॉलच्या जुन्या कार्डांचा नाद असलेल्या माणसाला टॉप्स कंपनीच्या १९५७ सालच्या संचाबद्दल विचारले, तर तो आधी तीन नावे घेईल: जॉनी युनायटस, बार्ट स्टार आणि पॉल हॉर्नुंग. या तिघांचीही पहिली कार्डे याच संचात आली. चौथे नाव तो हळहळत घेईल, आणि ते जिम ब्राऊनचे असेल, कारण त्याच वर्षी क्लीव्हलँडकडून मैदानात उतरलेल्या या फुलबॅकचे (चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूचे) कार्ड त्या १५४ कार्डांत नाही. ते आले पुढच्या वर्षी, १९५८ च्या संचात, ६२ व्या क्रमांकावर. १९५७ सालचे त्याचे कार्ड निघाले असते तर कसे दिसले असते, हा प्रश्न अनेक संग्राहकांना स्वस्थ बसू देत नाही, आणि त्यांतले काही जण ते कार्ड स्वतः तयार करून आपल्या संचाच्या शेवटी ठेवतात.

हा लेख या कामात नव्याने उतरणाऱ्यांसाठी आहे. येथे फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडूचा अमेरिकन फुटबॉल. गोव्यात किंवा कोल्हापुरात ज्याच्यासाठी मैदाने भरतात तो खेळ वेगळा. ही कार्डे मुळात बबलगमच्या पाकिटातून मुलांच्या हाती पडत. आपल्याकडे गमच्या पाकिटांतून क्रिकेटपटूंची चित्रे जमवलेल्या पिढीला, एखादे चित्र मिळता मिळत नाही तेव्हा काय वाटते, हे वेगळे सांगायला नको. कार्ड कधी छापलेच गेले नाही, ही त्याच भावनेची पुढची पायरी आहे. पद्धत समजावी म्हणून मी सबंध लेखात १९५७ चा एकच संच घेतला आहे; दुसरा कोणताही संच घेतलात तरी कामाचा क्रम हाच राहील.

या कामाचा कणा एका नियमात सांगता येतो, आणि तो सुरुवातीलाच सांगून टाकतो. १९५७ च्या शरद ऋतूत ब्रुकलिनमधल्या त्या कंपनीच्या कचेरीत बसून कार्डे तयार करणाऱ्या माणसाला जे ठाऊक असणे शक्य नव्हते, ते तुमच्या कार्डावर कुठेही येता कामा नये. मी ब्राऊनचे पहिले कार्ड केले तेव्हा मागच्या बाजूला मोठ्या हौसेने लिहिले होते की, त्याने एका सामन्यात २३७ यार्ड धावून विक्रम केला. माहिती खरी होती. पण तो सामना २४ नोव्हेंबर १९५७ रोजी झाला आणि मोसमाची सुरुवात २९ सप्टेंबरला झाली होती. मोसमाच्या तोंडावर दुकानात यायच्या कार्डाला नोव्हेंबरातला सामना कसा ठाऊक असणार? चित्र, रंग, अक्षरे सगळे जमून आले होते, तरी त्या एका वाक्याने कार्ड खोटे पडले आणि मला ते पुन्हा करावे लागले.

आधी खरे कार्ड हातात घ्या

संगणक उघडण्यापूर्वी या संचातले एक तरी खरे कार्ड मिळवा. युनायटस किंवा स्टार यांची कार्डे नवख्याच्या आवाक्यातली नसतात, आणि या कामासाठी त्यांची गरजही नाही. संग्राहक ज्यांना ‘कॉमन’ म्हणतात, अशा साध्या खेळाडूचे, कोपरे झिजलेले, एखादी घडी पडलेले कार्ड पुरते. उलट ते हाताळताना जीव मुठीत धरावा लागत नाही, म्हणून अधिक उपयोगी पडते. अमेरिकेत राहणाऱ्यांना असे कार्ड कार्डांच्या मेळाव्यात सहज मिळेल. भारतातून मागवणाऱ्यांनी मात्र टपालखर्च कार्डापेक्षा जास्त पडेल हे धरून चालावे आणि एकदाच चार-पाच कार्डे एकत्र मागवावीत.

कार्ड हाती आल्यावर ते मोजा. अडीच इंच बाय साडेतीन इंच, म्हणजे ६३.५ बाय ८८.९ मिलिमीटर. हेच माप पुढे या व्यवसायात रुळले. १९५७ च्या संचाचे वैशिष्ट्य हे की कार्ड आडवे आहे आणि त्याचे दोन भाग पाडले आहेत: डावीकडे एका सपाट भडक रंगावर खेळाडूचा चेहरा, आणि उजवीकडे दुसऱ्या तितक्याच भडक रंगावर तोच खेळाडू धावण्याच्या, पास टाकण्याच्या किंवा अडवण्याच्या पवित्र्यात. भोवती पांढरी चौकट. हा उजवीकडचा पवित्रा बहुधा प्रत्यक्ष सामन्यातला नसून छायाचित्रकारासमोर उभे राहून दिलेला असतो, हे दोन-चार कार्डे शेजारी ठेवून पाहिली की लक्षात येते. खेळाडू एकटाच असतो, भोवती धूळ नाही, प्रतिस्पर्धी नाही, आणि मागचे मैदान कापून काढून तिथे रंग भरलेला असतो.

यानंतर घड्याळवाल्याकडे असते तसे दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या आणि खेळाडूच्या गालावर धरा. साध्या डोळ्यांना जी कातडी दिसते ती भिंगाखाली नाहीशी होते, आणि तिच्या जागी निळसर, गुलाबी, पिवळ्या ठिपक्यांची नक्षी उरते. ठिपके ठरावीक कोनांत मांडलेले असतात आणि चार-चारांच्या गुच्छांतून लहान फुले उमटल्यासारखी दिसतात. काळी अक्षरे मात्र सलग असतात, त्यांत ठिपके नसतात. एखाद्या कार्डावर गुलाबी रंग केसभर सरकलेला असतो आणि हेल्मेटच्या कडेला त्याची बारीक रेघ दिसते. मी पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा अर्धा तास भिंग खाली ठेवले नाही. जुन्या कार्डाचा जो जुनेपणा आपल्याला भावतो, तो पिवळेपणापेक्षा या ठिपक्यांत आणि या सरकण्यात अधिक असतो, हे तेव्हा कळले. ते कळल्याशिवाय केलेले कार्ड कितीही सुंदर झाले तरी आजचेच वाटते.

शेवटची तयारी म्हणजे यादी. संचातल्या १५४ कार्डांची यादी एक्सेलमध्ये उतरवून घ्या: क्रमांक, नाव, संघ, जागा, महाविद्यालय. संच दोन टप्प्यांत निघाला होता. १ ते ८८ पहिल्यात आणि ८९ ते १५४ दुसऱ्यात, आणि दुसऱ्या टप्प्यातली कार्डे आज अधिक दुर्मीळ आहेत. त्या वर्षी एनएफएलमध्ये (अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलच्या लीगमध्ये) १२ संघ होते, म्हणजे प्रत्येक संघाच्या वाट्याला सरासरी १२ ते १३ कार्डे येतात. कोणत्या संघात कोणत्या जागेवरचे खेळाडू घेतले आहेत आणि कुठे कमतरता आहे, हे यादी तयार झाली की एका नजरेत दिसू लागते.

कोणाला घ्यावे आणि कोणाला घेऊ नये

नवखे लोक सर्वात जास्त चुका येथे करतात, म्हणून या पायरीवर वेळ घालवायला हवा. पुढे महान ठरलेल्या आणि संचात नसलेल्या सगळ्यांची नावे काढून प्रत्येकाचे कार्ड करायचे, असा मोह होतो. पण १९५७ साली कोणीही कोणाच्या कपाळावरचे लिखित वाचत नव्हते. बार्ट स्टारचेच उदाहरण घ्या. तो १९५६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ फेऱ्याफेऱ्यांनी नवे खेळाडू निवडतात त्या निवडीत, सतराव्या फेरीत निवडला गेला होता आणि पहिल्या मोसमात त्याने अवघे ४४ पास टाकले होते. त्याचे कार्ड निघाले ते ग्रीन बे संघाचा एक तरुण क्वार्टरबॅक (पास टाकणारा खेळाडू) म्हणून. पुढे मिळवलेल्या अजिंक्यपदांचा त्या कार्डाशी काही संबंध नाही. युनायटसला १९५५ साली पिट्सबर्गने निवडून लगेच वगळले होते आणि तो एका सामन्याला सहा डॉलर घेऊन अर्धव्यावसायिक संघातून खेळला होता. बाल्टिमोरकडून त्याचा पहिला मोसम १९५६ चा. म्हणून उमेदवार निवडताना त्याचे पुढे काय झाले हे विसरावे आणि १९५७ च्या उन्हाळ्यात त्याची ओळख काय होती, एवढेच विचारावे.

या कसोटीवर जिम ब्राऊन सहज उतरतो. क्लीव्हलँडने त्याला १९५७ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत, एकूण सहाव्या क्रमांकावर निवडले होते आणि सिरॅक्यूज विद्यापीठातला त्याचा शेवटचा मोसम देशभर गाजला होता. नवख्या खेळाडूचे कार्ड कंपनी काढत नव्हती, असा आक्षेप कोणी घेईल. त्याला उत्तर संचातच आहे. हॉर्नुंग हा त्याच ड्राफ्टमधला पहिला खेळाडू, आणि त्याचे कार्ड १५१ व्या क्रमांकावर आहे. फिलाडेल्फियाने तिसऱ्या फेरीत घेतलेला टॉमी मॅकडोनाल्ड १२४ व्या क्रमांकावर आहे. दोघेही दुसऱ्या टप्प्यातले. नव्या खेळाडूंना दुसऱ्या टप्प्यात जागा मिळू शकत होती, याचा हा पुरावा आहे, आणि कल्पित कार्डाला असा पुरावा देता आला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

मॅकडोनाल्डच्याच संघाने त्याच ड्राफ्टमध्ये चौथ्या फेरीत सनी जर्गेन्सनला घेतले होते. त्याचे पहिले कार्ड १९५८ चे. एकाच वर्षी एकाच संघात आलेल्या दोघांपैकी एक संचात आहे आणि दुसरा नाही, म्हणजे जर्गेन्सनची जागा जवळजवळ आखून ठेवलेली आहे. बाल्टिमोरचा जिम पार्कर हाही तसाच भक्कम उमेदवार आहे: पहिल्या फेरीतला, एकूण आठवा, आणि महाविद्यालयीन फुटबॉलमधली १९५६ ची आऊटलंड ट्रॉफी मिळवलेला लाइनमन, म्हणजे पुढच्या फळीतला खेळाडू. त्याचे पहिले कार्ड १९५९ साली आले. न्यूयॉर्क जायंट्सचा लाइनबॅकर (बचावातला खेळाडू) सॅम हफ तर १९५७ मध्ये नवखाही नव्हता. त्याचा संघ ३० डिसेंबर १९५६ रोजी शिकागो बेअर्सला ४७–७ असे हरवून अजिंक्य ठरला होता, आणि तरी हफचे पहिले कार्ड यायला १९५९ उजाडले. माझ्या मते ब्राऊननंतर सर्वात आधी करावे ते कार्ड हफचेच.

जॉन ब्रॉडी आणि लेन डॉसन यांच्याबाबत मात्र विचार करावा लागतो. ब्रॉडी तिसऱ्या क्रमांकावर सॅन फ्रान्सिस्कोने आणि डॉसन पाचव्या क्रमांकावर पिट्सबर्गने घेतलेला क्वार्टरबॅक. दोघांचीही कार्डे फार उशिरा आली, ब्रॉडीचे १९६१ मध्ये आणि डॉसनचे १९६३ मध्ये फ्लीअर कंपनीच्या संचात. निवडीचा क्रमांक पाहता दोघांना घेणे समर्थनीय आहे. पण सॅन फ्रान्सिस्कोकडे तेव्हा वाय. ए. टिटलसारखा मुरलेला क्वार्टरबॅक होता आणि तो संचात आहेच. मी ब्रॉडीला घेतले, पण यादीत शेवटी ठेवले.

फॉरेस्ट ग्रेगला मी घेतले नाही, आणि त्याचे कारण नवख्यांनी ध्यानात ठेवावे. ग्रीन बेचा हा टॅकल (लाइनमनचाच एक प्रकार) १९५६ मध्ये खेळला होता, पुढे तो थोर मानला गेला, त्याचे पहिले कार्ड १९६० चे आहे; म्हणजे वरवर पाहता तो आदर्श उमेदवार वाटतो. पण १९५७ चा सबंध मोसम तो लष्करी सेवेत होता. जो खेळाडू त्या वर्षी मैदानावरच नव्हता, त्याचे त्या वर्षाचे कार्ड काढणे मला पटत नाही.

आणखी एक गोष्ट गांभीर्याने सांगायला हवी. वॉशिंग्टनच्या संघाने १९६२ पर्यंत एकाही कृष्णवर्णीय खेळाडूला मैदानात उतरवले नाही. असे करणारा तो लीगमधला शेवटचा संघ होता. कल्पनेची मुभा आहे म्हणून आज कोणी वॉशिंग्टनच्या गणवेशात कृष्णवर्णीय खेळाडूचे १९५७ चे कार्ड केले, तर हेतू चांगला असूनही त्या संघाचा अन्याय धुऊन काढल्यासारखे होईल. जे खेळाडू लीगमध्ये होते आणि कार्डांतून सुटले, त्यांना जागा द्या. जी दारे बंद होती, ती बंदच दिसली पाहिजेत.

अकराचा हिशेब

किती कार्डे करावीत? हा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण त्याचे उत्तर छापखान्यात दडलेले आहे. टॉप्सच्या त्या वेळच्या संचांचे आकडे पाहा: १९५७ मध्ये १५४, १९५८ मध्ये १३२, १९५९ मध्ये १७६. तिन्ही आकड्यांना अकराने भाग जातो, कारण कार्डे मोठ्या कागदावर अकरा-अकराच्या ओळींत मांडून छापली जात आणि मग कापली जात. १९५७ चा पहिला टप्पा ८८ चा, म्हणजे आठ ओळी. दुसरा ६६ चा, म्हणजे सहा ओळी.

म्हणून भर घालायची तर ११ किंवा २२ कार्डांची घालावी. मी २२ धरतो, कारण १५४ मध्ये २२ मिळवले की १७६ होतात, आणि हाच आकडा कंपनीने दोन वर्षांनी प्रत्यक्षात वापरला. क्रमांक १५५ पासून सुरू करावेत. खऱ्या क्रमांकांच्या मध्ये घुसू नये. पहिल्याच झपाट्यात बावीस करायची आवश्यकता नाही. एक कार्ड नीट करा, पण यादी बावीसची असू द्या, आणि त्या बावीसांत बारा संघांना साधारण सारखा वाटा मिळेल, शिवाय क्वार्टरबॅकांची गर्दी न होता लाइनमनही येतील, हे पाहा. खऱ्या संचात साधे, फारसे गाजलेले नसलेले खेळाडू भरपूर आहेत. तुमच्या बावीसांत ते नसतील तर ती भर संचाची वाटणार नाही.

चित्राची जुळवाजुळव

या संचाला एका खेळाडूची दोन छायाचित्रे लागतात, आणि खरी अडचण इथेच आहे. चेहरा मिळतो, पवित्रा मिळत नाही. पवित्रा मिळतो तर तो चार वर्षांनंतरचा असतो. विद्यापीठांची जुनी वार्षिके, त्या वर्षीचे सामन्यांचे कार्यक्रमपत्रक आणि वृत्तपत्रांच्या डिजिटल संग्रहांतली पाने आधी चाळावीत. हक्कांचा प्रश्न टाळू नये. अमेरिकी कायद्यानुसार १९६४ पूर्वी तिथे प्रसिद्ध झालेल्या चित्राच्या हक्काचे अठ्ठाविसाव्या वर्षी नूतनीकरण झाले नसेल, तर ते आता मुक्त असते. पण वृत्तसंस्थांची चित्रे बहुधा हक्क राखून ठेवलेली असतात, म्हणून प्रत्येक चित्राची स्वतंत्र खातरजमा करावी लागते.

ब्राऊनच्या कार्डासाठी गणवेशाचा काळ तपासा. क्लीव्हलँडचे हेल्मेट नारिंगी, त्यावर संघाचे चिन्ह नाही, सदरा तपकिरी, पाठीवर ३२. सिरॅक्यूजमध्ये तो ४४ क्रमांक घालत असे, त्यामुळे महाविद्यालयातले चित्र वापरून त्याला क्लीव्हलँडचे रंग चढवणार असाल तर क्रमांक बदलायला विसरू नका. (या संघाचे ‘ब्राऊन्स’ हे नाव जिम ब्राऊनवरून पडलेले नाही, ते पहिले प्रशिक्षक पॉल ब्राऊन यांच्यावरून आले आहे, आणि नवखे इथे हमखास फसतात.) तोंडावरच्या संरक्षक जाळीकडेही पाहा. पन्नाशीच्या दशकात तिथे एखाद-दुसरी आडवी दांडी असे. पुढच्या काळातला भरगच्च पिंजरा दिसला की ते चित्र बाजूला ठेवावे. संघांची गावेही त्या वर्षाचीच हवीत: कोल्ट्स बाल्टिमोरचे, कार्डिनल्स शिकागोचे. डॅलस हे नाव तर या संचात येऊच शकत नाही, कारण काऊबॉईज १९६० साली सुरू झाले.

संगणकावरच्या कामासाठी गिंप हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. खरे कार्ड ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा. आडव्या कार्डाचे २१०० बाय १५०० पिक्सेल होतात. त्यावरून चौकटीची जाडी, दोन भागांमधली रेषा, अक्षरांची उंची आणि त्यांच्यातले अंतर मोजून घ्या. खेळाडूच्या चित्रामागचे रंग स्वतःच्या मनाने ठरवू नका. त्याच संघाच्या दोन-तीन खऱ्या कार्डांवर कोणते रंग जोडीने आले आहेत ते पाहा आणि त्यांतलीच एखादी जोडी घ्या. रंग स्कॅनमधून उचलताना कागदाचा पिवळेपणा वजा करावा लागतो, कारण ते कार्ड नवे असताना तितके मळकट नव्हते. अक्षरांचा हुबेहूब टाइप आज बहुधा मिळत नाही. खऱ्या कार्डांच्या स्कॅनमधून एकेक अक्षर कापून नाव जुळवणे हा कंटाळवाणा पण खात्रीचा मार्ग आहे. जिम ब्राऊनच्या नावातली सगळी अक्षरे इतर कार्डांवर सापडतात.

चित्र पुरे झाल्यावर ठिपके द्यायचे. त्यासाठी चित्र १२०० डीपीआयपर्यंत, म्हणजे ४२०० बाय ३००० पिक्सेलपर्यंत मोठे करा, नाहीतर ठिपके चौकोनी ठोकळ्यांसारखे दिसतात. गिंपमधले न्यूजप्रिंट नावाचे फिल्टर हे काम करते. निळ्याला १५ अंश, गुलाबीला ७५, पिवळ्याला ० आणि काळ्याला ४५ असे कोन द्या. छापखान्यांत हीच मांडणी रूढ आहे. काळी अक्षरे या फिल्टरमधून वगळून नंतर वरून बसवावीत. शेवटी गुलाबी थर एक-दोन पिक्सेल बाजूला सरकवला की चित्रात एकदम जीव येतो. त्याहून जास्त सरकवू नका.

मागची बाजू

मागचा मजकूर लिहिताना खऱ्या कार्डावरच्या ओळी आणि शब्द मोजा आणि तेवढ्याच जागेत बसवा. नवख्या खेळाडूची लीगमधली आकडेवारी नसते, तेव्हा तिथे काय लिहायचे याचा नमुना हॉर्नुंग आणि मॅकडोनाल्ड यांच्या कार्डांच्या मागे पाहायला मिळतो. मूळ कार्डे इंग्रजीत असल्याने तुमचा मजकूरही इंग्रजीतच असावा, पण आशय काय असावा ते मराठीत सांगतो. ब्राऊनच्या कार्डासाठी मी अखेर धरलेला मजकूर असा होता:

‘क्लीव्हलँडने यंदा पहिल्या फेरीत घेतलेला जिम हा सिरॅक्यूजचा ऑल-अमेरिकन खेळाडू आहे. गेल्या मोसमात त्याने ९८६ यार्डांची मजल मारली. कोलगेटविरुद्ध सहा टचडाऊन आणि सात किक मिळून एकट्याने ४३ गुण केले. कॉटन बोलमध्ये त्याने तीन टचडाऊन केले. लॅक्रॉसमध्येही तो ऑल-अमेरिकन आहे.’

(ऑल-अमेरिकन म्हणजे देशातल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूंत निवडला गेलेला; टचडाऊन म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे नेऊन मिळवलेले सहा गुण; कॉटन बोल हा मोसमाअखेरचा महाविद्यालयीन सामना.) यातली प्रत्येक गोष्ट १९५७ चा मोसम सुरू होण्यापूर्वीची आहे. कोलगेटचा सामना नोव्हेंबर १९५६ चा, आणि कॉटन बोल १ जानेवारी १९५७ चा. त्यात सिरॅक्यूज टेक्सास ख्रिश्चनकडून २८–२७ असे एका गुणाने हरले होते. १९५७ च्या मोसमात ब्राऊनने लीगमध्ये सर्वाधिक ९४२ यार्ड काढले, ही माहिती लिहायला हात शिवशिवतात, पण ती १९५८ च्या कार्डाची आहे. भाषाही त्या वेळच्या कार्डांसारखी ठेवा: तुटक, उत्साही, लहान मुलाला समजेल अशी. ‘महान’, ‘अजरामर’ अशी विशेषणे नकोत.

छपाई आणि कापणी

पुण्यामुंबईतल्या कोणत्याही डिजिटल प्रिंटवाल्याकडे हे काम होते, फक्त दोन सूचना स्पष्ट द्याव्या लागतात. पहिली, फाईल मूळ मापात छापायची, पानावर बसवण्यासाठी लहान-मोठी करायची नाही. माझा एक सबंध ताव एका दुकानात या चुकीने वाया गेला. कार्डे सव्वा दोन मिलिमीटरने आखूड आली आणि प्लास्टिकच्या खोबणीत सैल बसू लागली. तेव्हापासून मी कार्डाशेजारी दहा सेंटिमीटरची एक रेघ छापायला देतो आणि दुकानातच पट्टी लावून ती मोजतो. दुसरी सूचना, ग्लॉसी कागद नको आणि लॅमिनेशन तर मुळीच नको. मॅट कागदावर पुढची व मागची बाजू वेगवेगळी छापून, दोन्ही पाठीला पाठ लावून चिकटवल्यास जाडी जवळ येते. गोंद पातळ पसरून वजनाखाली रात्रभर ठेवावे, नाहीतर कार्ड वाकते. दुसऱ्या दिवशी स्टीलची पट्टी आणि नवे पाते घेऊन कापावे. कोपरे टोकदारच ठेवावेत. आधी एकच कार्ड छापून पाहा. प्रिंटरचे स्वतःचे ठिपके तुमच्या ठिपक्यांशी भांडले तर आडवेतिडवे पट्टे उमटतात, आणि तसे झाल्यास ठिपक्यांचा आकार थोडा वाढवून पुन्हा छापावे.

खरे आणि कल्पित वेगळे ठेवणे

ब्राऊनच्या १९५८ च्या पहिल्या कार्डाला बाजारात मोठी किंमत येते आणि त्याच्या नकलाही फिरतात, त्यामुळे १९५७ चे म्हणून केलेले कार्ड अजाण माणसाच्या हाती गेले तर त्याची फसवणूक होऊ शकते. प्रत्येक कल्पित कार्डाच्या मागे ‘कल्पित कार्ड’ हे शब्द आणि तुम्ही ते केले ते वर्ष स्वच्छ छापा, आणि इतक्या मध्यभागी छापा की कोणाला ते कापून टाकता येणार नाही. कंपनीचे नाव व चिन्ह छापू नका. चहाच्या पाण्यात बुडवून, कोपरे घासून कार्ड जुने करण्याची युक्ती काही जण शिकवतात. ती वापरू नका. कार्ड विकूही नका: खेळाडूचे नाव, संघाचे चिन्ह आणि छायाचित्र या तिन्हींवर इतरांचे हक्क असतात, आणि स्वतःच्या संग्रहासाठी प्रेमाने केलेल्या गोष्टीचा व्यापार झाला की प्रश्न बदलतो.

मांडणीबद्दल एक शेवटचे. संग्राहक कार्डे नऊ खोबण्यांच्या प्लास्टिकच्या पानांत ठेवतात. सतरा पानांत १५३ कार्डे बसतात आणि १५४ वे कार्ड अठराव्या पानावर एकटे पडते, शेजारी आठ रिकाम्या खोबण्या. कल्पित कार्डे तिथेच बसवावीत असे फार वाटते. मी त्या आठ खोबण्या रिकाम्या ठेवल्या आहेत. माझा जिम ब्राऊन एकोणिसाव्या पानावर, पहिल्या खोबणीत, १५५ क्रमांक घेऊन आहे, आणि त्याच्या शेजारी सॅम हफ.